पेरणीपूर्वीचा शब्द

दसरा उलटला, की सोनकच्छच्या मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोयाबीनने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. काली सिंधेच्या काठचे हे गाव एरवी शांत असते. परंतु त्या पंधरा-वीस दिवसांत साऱ्या गावाचे लक्ष लिलावाच्या हाकेकडे लागलेले असते. शाळेतली हजेरी रोडावते. काही मुले बापाबरोबर रात्र ट्रॉलीवर काढून सकाळी डोळे चोळीत वर्गात येतात. अशाच एका सकाळी आठवीच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, सोयाबीनची आपल्या घरी भाकरी होत नाही की डाळ होत नाही. मग आपण ते पेरतो तरी कोणासाठी?"

वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. प्रश्न मुलाच्या तोंडचा असला तरी तो साऱ्या देशाच्या शेतीला विचारण्याजोगा होता. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. भाषा आणि इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. तथापि ज्या मुलांची फी सोयाबीनच्या पैशातून येते, त्यांच्या शिक्षकाने त्या पैशाचा उगम जाणून घेऊ नये, हे काही बरे नव्हे. म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर या वार्षिकांकाच्या निमित्ताने देण्याचे आम्ही योजिले आहे.

शंभर किलो सोयाबीन कारखान्यात गेले, की त्यातून सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड उरते. तेल आपल्या कढईत येते. पेंड प्रथिनांनी समृद्ध असल्यामुळे ती कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात पडते. तिचा मोठा भाग देशातच खपतो. उरलेला इंदूर, देवास, उज्जैन या भागांतून कांडल्यासारख्या बंदराकडे जातो आणि तेथून परदेशी जातो. म्हणजे आपल्या काळ्या मातीत पडलेल्या बियांचा काही अंश दूरदेशीच्या कोंबडीच्या चोचीत जातो. आणि गंमत अशी, की पेंड बाहेर पाठविणारा हाच आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून विकत आणतो. इंडोनेशिया-मलेशियातून पामतेल येते, रशिया-युक्रेनमधून सूर्यफुलाचे येते, आणि अर्जेंटिना व ब्राझीलमधून चक्क सोयाबीनचेच तेल येते. आपण चोथा विकतो आणि रस विकत घेतो, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

यावरून कोणी असे समजू नये, की आम्ही सोयाबीनच्या विरुद्ध आहोत. माळव्याची काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होते, की पूर्वी पुष्कळ शेतकरी खरिपात जमीन पडीक ठेवीत आणि जमिनीतल्या ओलाव्यावर रब्बीचा गहू-हरभरा घेत. जबलपूरचे कृषी विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. त्याने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनवर काम केले, आणि १९७० नंतरच्या काळात हे पीक त्या पडीक खरिपात शिरले. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरास आले, यावरून या पिकाने माळव्यात किती मूळ धरले होते ते दिसेल. वर्षाला एकाऐवजी दोन पिके येऊ लागली. घरांवर स्लॅब पडले, दारी ट्रॅक्टर आला, मुली शाळेत आल्या. हे श्रेय सोयाबीनला दिलेच पाहिजे. परंतु ते केवळ पडीक जमिनीवर थांबले नाही. ज्वारी, तूर, भुईमूग, कापूस यांच्याही जागा त्याने घेतल्या. जी भाकरी शेतातून येत असे, ती आता दुकानातून येऊ लागली. अशा रीतीने शेतकरी पिकविणारा होता तो विकणारा झाला. आणि जो विकणारा झाला, त्याचे सारे भवितव्य भावावर टांगले गेले.

तर मग हा भाव ठरतो कोठे? मंडीच्या ओट्यावर तो पुकारला जातो, ठरत नाही. जगातील सोयाबीनपैकी सुमारे ऐंशी टक्के ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश पिकवितात. भारताचा वाटा शंभरात तीन-चार. आपल्याकडे हेक्टरी सुमारे एक टन पीक येते, त्या देशांत तीन टनांच्या आसपास. अर्थात शिकागोच्या बाजारात भाव पडला, की तो सोनकच्छच्या ढेरीवर पडतोच. ब्राझीलमधील पाऊस, चीनमधील डुकरांची संख्या आणि डॉलरचा दर, या तीनही गोष्टी आपल्या मंडीत अदृश्य रूपाने हजर असतात. 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या काळी तिला एक पुरवणी जोडावयास हवी, की पिकते तेथे भावही ठरत नाही.

जगाचा बाजार आपल्या हाती नाही, हे मान्य करणे भाग आहे. पाऊस हाती नसतो, तसाच तो. परंतु देशाच्या सीमेवर एक दार आहे, आणि ते दार मात्र आपल्याच हाती आहे. माल बाहेर जाऊ द्यावयाचा की नाही, बाहेरचा माल किती जकात घेऊन आत घ्यावयाचा, हे आपले सरकार ठरविते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की शेतकरी जूनमध्ये जो निर्णय घेतो, तो दाराची स्थिती पाहून घेतो. पीक शेतात उभे असताना ते दार फिरविले, तर त्याचा हिशेब चुकतो, आणि त्या चुकीत त्याचा काडीचाही दोष नसतो.

याचे एक उदाहरण मुलांच्या घरी अद्याप आठवणीत असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. त्या वर्षीचा हमीभाव ३,९५० रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे ती तेजी किती मोठी होती ते कळेल. कोंबडीखाद्य महागले, कुक्कुटपालनवाल्यांनी गाऱ्हाणे मांडले, आणि त्याच महिन्यात सरकारने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली. ती पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. म्हणजे जे बी आपल्या शेतकऱ्याने पेरणे निषिद्ध, त्याचीच पेंड आणणे विहित ठरले. त्या वेळी माळव्यात पीक शेंगेवर होते. पीक घरात आले, तेव्हा भाव निम्म्याजवळ आला होता. भाव उतरण्यास नवा माल बाजारात येणे हेही कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पीक उभे असताना दार उघडले, ही गोष्टही तितकीच खरी. पुढे २०२२ च्या वसंतात भाव पुन्हा सात हजारांच्या पुढे गेले. ज्यांना थांबणे शक्य होते ते तरले. ज्यांना दिवाळीपूर्वी सावकाराचे किंवा बँकेचे देणे भागवायचे होते, ते बुडाले.

मुलांनो, येथे एक सोपे गणित मांडून पाहा. एक हेक्टर शेत, दहा क्विंटल पीक. भाव दहा हजार असेल तर हाती लाख रुपये. पाच हजार असेल तर पन्नास हजार. बियाणे, खत, फवारणी, कापणी व मळणी यांचा खर्च दोन्ही प्रसंगी सारखाच. भाव निम्मा झाला म्हणजे नफा निम्मा होतो असे नव्हे. खर्च वजा जाता नफा कधी शून्यावर, तर कधी त्याच्याही खाली येतो. शेतीच्या अर्थशास्त्रातील हे पहिले कोडे होय. उत्पन्नाच्या चढउताराहून नफ्याचा चढउतार कितीतरी मोठा असतो.

गव्हाचीही हीच कथा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि जगात गव्हाचा तुटवडा पडला. एप्रिलमध्ये आपण जगाला अन्न पुरविण्यास सिद्ध आहोत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जात होते. आमच्या भागातील शेतकऱ्यांनी ते ऐकले आणि काहींनी पोती घरातच राखली. मार्चच्या उष्णतेने उत्तरेत पीक घटले, पीठ महागले, आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली. दुसऱ्या दिवसापासून मंडीतला भाव उतरू लागला. कांद्याचेही तसेच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर चाळीस टक्के निर्यातकर बसला, ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी आली, आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली. लासलगावच्या शेतकऱ्याचे दुःख वृत्तपत्रांतून आपण वाचतो. देवास-शाजापूरच्या कांदेवाल्याचे दुःखही त्याच जातीचे आहे, एवढेच की ते मराठी वृत्तपत्रांत छापून येत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, की शहरातील मजुराने महाग कांदा व महाग पीठ का म्हणून खावे? हा आक्षेप क्षुल्लक नाही. ज्याच्या कमाईचा मोठा भाग अन्नावर खर्च होतो, त्याच्या दृष्टीने भाव वाढणे म्हणजे ताटातला घास कमी होणे होय. सरकारने त्याची काळजी वाहिलीच पाहिजे. प्रश्न आहे तो हा, की त्या काळजीची किंमत कोणी द्यावयाची? सरकारी कोठारातून धान्य सोडणे, रेशनवर स्वस्त देणे, हे मार्ग खजिन्यातून म्हणजे सर्वांच्या खिशातून जातात. अकस्मात निर्यातबंदीचा मार्ग एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो. शिवाय एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. भाव चढला की दार दोन दिवसांत बंद होते. भाव कोसळला की त्याला सावरणारा हात मात्र महिनोन्‌महिने येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असता मंडीत सोयाबीन त्याहून बरेच खाली विकले जात होते, आणि शेतकरी सहा हजारांची मागणी करीत रस्त्यावर आले होते. तेव्हा सरकारने हमीभावाने खरेदी मंजूर केली आणि बाहेरच्या तेलावरील जकात वाढविली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पुढल्याच वर्षी, २८ मे २०२५ रोजी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि ३० मे रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आली. एका हाताने भाव वर उचलावा आणि दुसऱ्या हाताने खाली दाबावा, याला धोरण म्हणावे की दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसून घेतलेले दोन निर्णय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आम्ही इतिहास शिकवितो, म्हणून एक जुनी आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. माळव्याची काळी माती परदेशी बाजाराला बांधली गेली ती काही सोयाबीनपासून नव्हे. एकोणिसाव्या शतकात येथील अफू चीनला जात असे. ती प्रथम मोठ्या प्रमाणावर पाली, जैसलमेर, कराची अशा वाटेने पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ती वाट बंद झाली आणि सारा माल मुंबईकडे वळला. मग इंग्रजांनी दर पेटीवरील कर वाढवीत नेला. १८६० नंतरच्या काळात तो सहाशे रुपयांच्या घरात पोहोचला होता. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईच्या धनिकांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. डोड्याला चीर देणारा माळव्याचा शेतकरी मात्र सावकाराच्या उचलीवर पेरीत असे आणि सावकारालाच माल घालीत असे. पुढे १९०७ साली इंग्लंड व चीन यांच्यात करार झाला, की ही निर्यात दहा वर्षांत क्रमाक्रमाने संपवावी. अफू हे विष. ते थांबले हे योग्यच झाले. पण दहा वर्षांची मुदत बोलून १९१३ मध्येच चीनकडील विक्री बंद झाली, आणि दिलेली मुदत पाळली गेली नाही. करार करणारे दूर होते. ज्याने पेरले त्याला कोणी विचारले नव्हते.

आमची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे दुसरे उदाहरण आपोआपच गोव्याकडे जाते. तेथे शेत नव्हे, डोंगर विकला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, पोर्तुगीज अमदानीतच, गोव्याचे लोहखनिज जपानकडे जाऊ लागले. पुढे २००० नंतर चीनची भूक वाढली, आणि २०१०-११ साली गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर गेले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील साध्या माणसांनी कर्ज काढून ट्रक घेतले, मांडवी आणि जुवारीच्या पात्रांत बार्जांची रीघ लागली. नियम होते; पण ते पाळले जात नव्हते. न्यायमूर्ती शहा आयोगाने ते उघडकीस आणले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये सारे काम एकाएकी थांबले. २०१४ मध्ये अटींवर अनुमती मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. न्यायालयाचा निर्णय उचित होता, असेच आम्हांस वाटते. डोंगर एकदाच विकता येतो, तो पुन्हा पिकत नाही. परंतु दारात उभ्या राहिलेल्या ट्रकाचा हप्ता कोणी भरावयाचा, याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते. जो नियम आरंभी पाळला जात नाही, तो शेवटी कुऱ्हाडीसारखा कोसळतो, आणि कोसळतो तो बहुधा सर्वांत लहान माणसावर.

हे केवळ आपल्या देशातच घडते असे नव्हे. अर्जेंटिना हा सोयापेंड व सोयातेल यांच्या निर्यातीत जगात अग्रेसर देश. तेथे मार्च महिना म्हणजे सोयाबीनच्या कापणीचा आरंभ. मार्च २००८ मध्ये नेमक्या त्याच वेळी सरकारने जगाच्या भावाप्रमाणे चढणारा नवा निर्यातकर लादला. शेतकऱ्यांनी रस्ते अडविले, शहरांत टंचाई झाली, आणि चार महिने देश ढवळून निघाला. अखेरीस जुलैमध्ये तेथील वरिष्ठ सभागृहात समसमान मते पडली; तेव्हा खुद्द उपराष्ट्राध्यक्षांनी आपल्याच सरकारच्या विरुद्ध निर्णायक मत दिले आणि प्रस्ताव पडला. त्या कराच्या बाजूनेही युक्तिवाद होते. पण पीक कापणीला आले असता त्याचा नियम बदलावयाचा, ही गोष्ट तेथील शेतकऱ्याला सहन झाली नाही.

मग केवळ भावाची हमी दिली म्हणजे सारे साधले काय? ऑस्ट्रेलियाच्या लोकरीची हकीकत याचे उत्तर देते. तेथे लोकरीस किमान भाव बांधून दिलेला होता. बाजारात तेवढा भाव न मिळाल्यास मंडळ स्वतः लोकर विकत घेई. १९८८ मध्ये हा भाव किलोला ८७० सेंटपर्यंत चढविला गेला. तो ढळणार नाही, असे आश्वासन होते. शेतकऱ्यांनी मेंढ्या वाढविल्या. गिऱ्हाइके मात्र कमी झाली. १९९० मध्ये भाव ७०० सेंटवर आणावा लागला, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजनाच थांबली. तेव्हा कोठारांत सत्तेचाळीस लाख गासड्या पडून होत्या. त्या खपण्यास २००१ साल उजाडले. लाखो मेंढ्या मारून पुरण्याची पाळी आली. शब्द देणे चांगले. पण पाळता येणार नाही एवढा मोठा शब्द देणे, हे शब्द न देण्याहून वाईट. आपल्याकडेही मध्य प्रदेश शासनाने २०१७ च्या उन्हाळ्यात आठ रुपये किलोने कांदा घेतला आणि ठेवावयास जागा नसल्यामुळे त्यातला पुष्कळसा कुजला. त्याच वर्षी भावांतर योजना आली, आणि २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी ती पुन्हा लागू झाली. हमीभाव व बाजारभाव यांतील फरक सरकारने द्यावयाचा, ही कल्पना स्वीकारण्याजोगी आहे. परंतु ती पेरणीनंतर, पीक काढणीला येताना जाहीर होते. मग जूनमध्ये काय पेरावे हे ठरविताना तिचा उपयोग होत नाही. ती औषध असते, पथ्य नव्हे.

या सर्व विवेचनावरून आमचे मत असे बनले आहे. निर्यात थांबविणे हा उपाय नव्हे. देशाला तेल, खते, यंत्रे बाहेरून आणावी लागतात, आणि काही विकल्याशिवाय काही विकत घेता येत नाही. पण निर्यात ही मिरविण्याची गोष्टही नव्हे. तो एक व्यवहार आहे आणि व्यवहारात शब्दाला किंमत असते. सरकारने मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे मृगाच्या आधी, खरीप पिकांचे आयात-निर्यातीचे नियम जाहीर करावेत आणि पुढील मार्चपर्यंत ते बदलू नयेत. रब्बीसाठीही दसऱ्यापूर्वी तसेच करावे. हमीभावाने जेवढे खरोखर खरेदी करता येईल तेवढाच आकडा आधी सांगावा. आणि दुष्काळ वा युद्ध अशा प्रसंगी नियम बदलणे अपरिहार्यच झाले, तर त्या बदलाने होणारी तूट खजिन्यातून भरून द्यावी. ज्या निर्णयाचा लाभ सर्वांना होतो, त्याची झळ एकट्याने का सोसावी?

सरकारकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हेही विसरू नये. २०२१-२२ मध्ये जो थांबू शकला तो तरला, हे आपण वर पाहिले. थांबण्यास दोन गोष्टी लागतात, कोरडी जागा आणि हाती थोडा पैसा. २००७ च्या गोदामविषयक कायद्याने नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्याच्या पावतीवर बँकेकडून कर्ज काढण्याची सोय झालेली आहे. ही पावती काय असते, हे आमच्या किती पालकांना ठाऊक आहे? प्रक्रियेचेही असेच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० साली शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कारखान्यात साखर तयार होऊ लागली. तेव्हा ऊस विकणारा शेतकरी साखर विकणारा झाला. पुढे त्या चळवळीत दोष शिरले असतील. पण मुळातली दृष्टी खोटी ठरत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट तर डोळ्यांसमोर आहे. १९९० साली देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. खोल खोल कूपनलिका खोदून जमिनीचे पोट रिते झाले होते. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीच्या तुकड्यावर तळे खोदण्यास प्रवृत्त केले. ती तळी 'रेवा सागर' या नावाने ओळखली गेली. आधी शेतकऱ्यांनी स्वतःचा पैसा घातला, काहींनी कर्ज काढले. पाहता पाहता जिल्ह्यात हजारो तळी झाली. ज्याच्या शेतात तळे आहे, तो सोयाबीनचा भाव पडला तरी रब्बीत गहू, हरभरा किंवा भाजीपाला घेऊन उभा राहतो. शिकागोचा भाव त्याला बदलता येत नाही. पण एकाच भावावर सारे वर्ष टांगून ठेवण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. अर्धा एकर तूर, अर्धा एकर ज्वारी घरच्यापुरती पेरणाऱ्या म्हाताऱ्याला आपण जुन्या वळणाचा म्हणून हसतो. त्याचे गणित मात्र आमच्या पुस्तकातल्या गणिताहून पक्के असते.

आता त्या आठवीच्या मुलाकडे वळू. "आपण ते पेरतो कोणासाठी?" या त्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की बाळ, ते आपण दुसऱ्यासाठी पेरतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, दुसऱ्यासाठी पिकविणे हीच शेतकऱ्याची थोरवी आहे. परंतु जो दुसऱ्यासाठी पेरतो, त्याला पेरण्यापूर्वी व्यवहाराच्या अटी विचारण्याचा हक्क आहे. तो हक्क मागावयाचा तर प्रथम हिशेब ठेवता आला पाहिजे.

म्हणून येत्या जूनपासून आमच्या वर्गात एक वही ठेवण्याचा आम्ही संकल्प केला आहे. तिच्यात दररोज तीन गोष्टी लिहिल्या जातील, पडलेला पाऊस, मंडीतला सोयाबीनचा भाव, आणि त्या दिवशी सरकारने शेतमालाविषयी नियम बदलला असल्यास तो नियम. लिहिण्याची पाळी मुलांनी आळीपाळीने घ्यावयाची. मार्चअखेर ती वही आम्ही पालकसभेपुढे ठेवू. पेरणीपूर्वी कोणता शब्द दिला गेला होता आणि कापणीच्या वेळी त्याचे काय झाले, हे तेव्हा मुलांच्या अक्षरांत सर्वांना वाचावयास मिळेल.